चुली दोन, सांवली एक

घर म्हणजे काय, या प्रश्नाला आपल्याकडे फार दिवसांपासून एक ठराविक उत्तर आहे. ज्यांची चूल एक, त्यांचें घर एक. खानेसुमारीचे कारकूनहि दारांत उभे राहून हाच हिशेब करतात; एका स्वयंपाकघरांत जेवणारीं तीं सारीं माणसें एका कुटुंबांतलीं, असें सरकार धरतें आणि समाजहि धरतो. म्हणूनच एखाद्या घरांत दुसरी चूल पेटली कीं शेजारीपाजारीं कुजबूज सुरू होते व वडीलधारीं माणसें ‘घर मोडलें’ म्हणून उसासा टाकतात. ज्या कुटुंबांत मी वाढलों व ज्यांत माझीं मुलें वाढलीं, त्यांत आज दोन चुली आहेत. तरीहि तें घर मोडलेलें नाहीं, अशी माझी खात्री आहे. ती कशावरून, हें सांगण्यासाठीं मला घराबाहेर काढलेल्या एका दिवसाविषयीं लिहिलें पाहिजे. कारण कुटुंबाची खरी बांधणी पुष्कळदां छपराखालीं न होतां उघड्या आकाशाखालीं होते, असें माझ्या अनुभवास आलें आहे. तो दिवस आंवळीभोजनाचा.

कार्तिकांतली रीत

कार्तिक शुद्ध नवमीस आंवळेनवमी किंवा कूष्मांडनवमी म्हणतात. त्या दिवसापासून पौर्णिमेपर्यंत, किंवा सबंध कार्तिकांत सवडीच्या एखाद्या दिवशीं, आंवळीच्या झाडाखालीं जावें, झाडाची पूजा करावी, तेथेंच रांधावें व तेथेंच जेवावें, अशी आपली जुनी चाल आहे. ज्यांनीं ही चाल पाडली त्यांना ऋतूंची नाडी चांगली कळत होती, यांत शंका नाहीं. पाऊस उलगडलेला असतो. वाटा वाळलेल्या, पण बांधावरचें गवत अजून हिरवट. ओढ्याचें पाणी निवळलेलें. दिवाळीचें तळकट व गोड खाऊन तोंड कंटाळलेलें. आणि नेमका याच सुमारास आंवळा भरूं लागतो. हें झाड उन्हाळ्याच्या तोंडीं फुलतें. परंतु फळ धरल्यावर कित्येक आठवडे तें जणूं निजून राहतें, आणि पावसाळ्यांत डोळे उघडून वाढीस लागतें. त्याच्या डहाळ्या दुरून चिंचेच्या पानासारख्या दिसतात; वस्तुतः त्यावरचें प्रत्येक बारीक पान हें स्वतंत्र पान असतें. मुलांना ही गोष्ट पुस्तकांतून सांगितली तर तीं विसरतात. डहाळी हातांत देऊन सांगितली तर जन्मभर लक्षांत ठेवतात.

अशा दिवसाला आमच्या आजोबांच्या काळीं कोणी ‘सहल’ म्हणत नसे. तें व्रत होतें, आणि व्रत असल्यामुळेंच तें टळत नसे. आजच्या करमणुकींत व या जुन्या चालींत मला मोठा फरक दिसतो तो हाच. सहल मनास येईल तेव्हां काढतां येते, म्हणून ती पुढें ढकलतांहि येते. कोणाची परीक्षा, कोणाचें काम, कोणाचा कंटाळा, असें करतां करतां वर्ष निघून जातें. व्रताला मात्र तिथि असते. ज्याला घरांतल्या सर्वांना वर्षांतून एकदां तरी एका सांवलींत बसवायचें आहे, त्यानें तिथीचा आधार सोडूं नये.

दोन चुली कशा झाल्या

पेठेंतला आमचा वाडा जुना झाला होता. तो पाडून त्या जागीं इमारत उभी करण्याचें २०१७ सालीं ठरलें. वाड्यांत आम्ही अकरा माणसें, आणि स्वयंपाकघर एक. माझी पत्नी महाविद्यालयांत शिकविते. धाकट्या भावाची पत्नी रुग्णालयांत परिचारिका आहे व तिच्या कामाच्या वेळा दर आठवड्यास बदलतात. एकीचा डबा सकाळीं सातला, तर दुसरीचें जेवण रात्रीं अकराला. दोघींनीं बारा वर्षें हें निभावलें. परंतु नव्या इमारतींत स्वयंपाकघरें वेगवेगळीं असावींत, हा विचार प्रथम बोलून दाखविला तो आमच्या आईनें. ती म्हणाली, “भांडण चुलीचें नाहीं, वेळेचें आहे. वेळ कांहीं कोणाला बदलतां येत नाहीं; चूल येते. दोन चुली करा. पण आंवळीखालची चूल एकच राहील, एवढें मला वचन द्या.”

चुलींचा प्रश्न असा सहज सुटला. न सुटणारा प्रश्न निराळाच होता. कोणता मजला कोणाचा, गच्ची कोणाच्या वांट्याला, आणि रस्त्याकडील दुकानाच्या गाळ्याचें भाडें कोणीं घ्यावें, यावरून आम्हां दोघां भावांत बोलाचाली झाली व पुढें बोलणेंच थांबलें. भावबंदकी हा शब्द आपण इतिहासाच्या पुस्तकांत वाचतों, आणि ती दुसऱ्यांच्या घरची गोष्ट आहे असें समजतों. ती आपल्या घरीं येते तेव्हां तरवार घेऊन येत नाहीं. ती मुकाट्यानें येते. एका जिन्यावरून चढतांना व उतरतांना दोघे जण नजर चुकवितात. मुलें एकमेकांच्या घरीं जातांना आधीं आईकडे पाहतात. सणावारीं ताटें झाकून पोंचविलीं जातात, पण तीं घेऊन कोणी मोठें माणूस येत नाहीं. आठ महिने हें चाललें, आणि २०१८ चा कार्तिक आला.

आईची खुर्ची

सिंहगडाच्या पायथ्याच्या एका गांवीं आमच्या परिचयाच्या एका शेतकऱ्याचा मळा आहे. आमचें आंवळीभोजन पिढ्यान्‌पिढ्या तेथेंच होत आलें आहे. मोटार रस्त्यापर्यंत जाते. तेथून पुढें अर्धा मैल बांधावरून चालावें लागतें. आई त्या वर्षीं ७८ वर्षांची होती, आणि गुडघ्यांमुळें तिला दहा पावलेंहि चालवत नसे. ‘या वेळीं तूं घरींच राहा,’ असें म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. अखेर माझ्या मुलानें घरांतली वेताची खुर्ची घेतली, तिच्या दोन्ही अंगांस बांबू आवळून बांधले, आणि पालखीसारखी ती तयार करून ठेवली. पुढें कोणी व मागें कोणी, हा प्रश्न निघाला तेव्हां आईनेंच निकाल दिला. “पुढें थोरला, मागें धाकटा. नातू अजून कोंवळे आहेत.” नातवांपैकीं दोघे आम्हां दोघांहूनहि उंच होते, हें तिला दिसत नव्हतें असें नाहीं.

ज्यांनीं कधीं दोघांनीं मिळून असा भार वाहिला असेल त्यांना ठाऊक आहे कीं, मुक्यानें तो वाहतां येत नाहीं. एकाचें पाऊल मोठें पडलें कीं खुर्ची कलते. खांचखळगा पुढच्यालाच दिसतो. त्यानें तो मागच्याला सांगावा लागतो. खांदा बदलायचा तर दोघांनीं एकदम बदलावा लागतो. आठ महिन्यांच्या अबोल्यानंतर माझ्या भावाच्या तोंडून माझ्यासाठीं निघालेला पहिला शब्द ‘थांब’ हा होता, आणि माझा त्याला पहिला शब्द ‘डावीकडे दगड आहे’ हा. यांत क्षमा नव्हती, गहिंवर नव्हता, समजूतहि नव्हती. पण शब्द होते, आणि ते कामाचे होते. निम्म्या वाटेवर आईनें खुर्ची खालीं ठेवायला लावली. नातवंडें भोंवतीं बसलीं. मग तिनें त्यांना त्या मळ्याची हकीकत सांगितली. ती आम्ही भावांनीं लहानपणीं अनेकदां ऐकली होती. परंतु ज्या वेळीं एखादी गोष्ट ऐकण्याची आवश्यकता असते, त्या वेळीं ती नव्यानें ऐकूं येते.

दोन पोतीं तांदूळ

तो मळा एके काळीं आमच्या आजोबांचा होता, आणि आज ज्याचा आहे त्याचे आजोबा आमचें कूळ होते. १९४८ चा कूळकायदा आला, पुढें त्यांत दुरुस्ती झाली, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कसणाराच जमिनीचा मालक ठरला. ठरलेली किंमत हप्त्याहप्त्यानें मिळाली. पण आमच्या आजोबांना ती किंमत वाटली नाहीं. शहरांत नोकरी किंवा वकिली व गांवीं थोडी जमीन, अशी ज्यांची पिढीजात घडी होती त्या पुष्कळ घरांत त्या वर्षीं अशीच कडवट शांतता पसरली असेल. आजोबांनीं मळ्याकडे जाणें सोडलें. आंवळीभोजन चार वर्षें झालें नाहीं. ‘दुसऱ्याच्या झाडाखालीं जाऊन काय पूजा करायची?’ असें ते म्हणत.

त्यानंतर १२ जुलै १९६१ हा दिवस उजाडला. पानशेतचें धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खडकवासल्याचेंहि धरण टिकलें नाहीं, आणि मुठेचें पाणी शनिवार, नारायण अशा नदीकांठच्या पेठांत शिरलें. आई तेव्हां एका वर्षाची नवी सून होती. नेसत्या वस्त्रानिशीं घरांतलीं माणसें बाहेर पडलीं. माणूस एकहि दगावलें नाहीं. पण धान्य, भांडीं, कागदपत्रें, आजोबांचीं पुस्तकें, सर्व कांहीं गेलें किंवा चिखलांत रुतलें. उंचावरच्या एका पेठेंत एका परिचितांनीं दोन खोल्या दिल्या, तेथें सारीं राहूं लागलीं. रस्ते सुरू झाल्यावर एका सकाळीं दारांत बैलगाडी उभी राहिली. गाडींत दोन पोतीं तांदूळ होते, आणि गाडीपाशीं तेंच पूर्वीचें कूळ उभें होतें. आजोबा दारांत आले, पण त्यांना शब्द फुटेना. तेव्हां तो गृहस्थ एवढेंच म्हणाला, “पानी आमच्या घरात न्हाई शिरलं. मंग तांदूळ काय आमी एकट्यानंच खायचा व्हय?”

त्या वर्षींच्या कार्तिकांत आजोबा मळ्यावर गेले. पूर्वीं तेथें आमच्या पंगतीपासून कुळाचीं पानें लांब, बांधाच्या पलीकडे मांडलीं जात; ती रीत होती व तिजविषयीं कोणाला विचारावें असें वाटत नसे. १९६१ च्या कार्तिकांत आजोबांनीं स्वतः उठून त्या गृहस्थाला हाताला धरून आपल्या शेजारच्या पाटावर बसविलें. आजीनें दोघांना एकदमच वाढलें. घरीं परत आल्यावर या विषयीं ते कांहीं बोलले नाहींत, आणि दुसऱ्या कोणी बोलावें अशी त्यांची इच्छाहि दिसली नाहीं. तेव्हांपासून तेथें पंगत एकच बसते.

ही हकीकत सांगून आई नातवंडांना म्हणाली, “जमीन गेली तेव्हां तुमच्या पणजोबांना वाटलें, सगळें गेलें. सगळें गेलें तेव्हां त्यांना कळलें, कीं जमीन गेली तरी माणूस गेलेलें नव्हतें.” मग आम्हां दोघांकडे न पाहतां ती म्हणाली, “उचला आतां. ऊन चढतंय.”

येथें मी असें लिहावें कीं, त्या दिवशीं दोघे भाऊ गळ्यांत पडले व सर्व कांहीं मिटलें, अशी वाचकांची अपेक्षा असेल. तसें झालें नाहीं. वांटणीचे कागद व्हायला पुढें वर्ष लागलें, वकील लागले, आणि दोघांनाहि जें हवें होतें तें पुरें मिळालें नाहीं. पण तें वर्ष बोलत गेलें, अबोल्यांत गेलें नाहीं. जिन्यावर भेटतांच कोणत्या मजल्याचा हिशेब कोठें आला हें आम्ही एकमेकांना विचारूं लागलों. भांडण बोलण्यांत असेपर्यंत तें भांडणच असतें. तें मौनांत गेलें म्हणजे त्याचें वैर होतें. हें मला चार भिंतींत कळलें नसतें.

उघड्यावरचें शिक्षण

आतां मुलांविषयीं. आम्ही बाप लोक मुलांना बाहेर नेतों तेव्हां बरोबर एक अदृश्य पाटी घेऊन जातों. हा किल्ला कोणाचा, हें झाड कोणतें, ही लढाई केव्हां झाली, असे प्रश्न विचारून रविवारचाहि वर्ग करून टाकतों. सिंहगडाच्या पायथ्याशीं उभें राहून मुलांना ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र सांगूं नये असें मी म्हणत नाहीं. ती सांगितलीच पाहिजे. पण एकदां सांगावी आणि मग मुलांना ओढ्यावर सोडून द्यावें. खेंकड्याच्या बिळांत काडी घालून तासभर बसलेलें मूल वेळ फुकट दवडीत नसतें. तें वाट पाहायला शिकत असतें. आणि हातांतल्या मोबाईलवर बोट ठेवतांच हवें तें मिळण्याच्या या काळांत वाट पाहणें ही विद्या दुर्मिळ होत चालली आहे.

शिवाय यांत डोळ्यांचाहि प्रश्न आहे, आणि तो केवळ अलंकारिक नाहीं. शहरांतल्या मुलांना लहानपणींच चष्मे लागण्याचें प्रमाण जगभर वाढत आहे. चीनमधील ग्वांग्झौ शहरांत बारा प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला, त्याचा वृत्तांत २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांतील पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटें अधिक उघड्यावर ठेवलें. बाकीच्या शाळांचा क्रम होता तसाच चालूं ठेवला. तीन वर्षांनीं पाहिलें, तों बाहेर खेळणाऱ्या गटांत सुमारें ३० टक्के मुलांना दूरचें कमी दिसूं लागलें होतें, तर दुसऱ्या गटांत जवळजवळ ४० टक्के मुलांना. याचें कारण प्रकाशांत असावें, असें बहुतेक तज्ज्ञ मानतात. आपल्या खोलींतला दिवा आपल्याला लख्ख वाटतो. पण प्रकाश मोजण्याच्या मापानें त्याचा उजेड तीन-चारशें लक्स भरला तर बाहेरचें ऊन दहा हजारांच्याहि वर जातें, आणि झाडाच्या सांवलींतला उजेडहि खोलींतल्यापेक्षां पुष्कळ अधिक असतो. भरपूर उजेडांत डोळ्याच्या पडद्यांत डोपामीन नांवाचें द्रव्य अधिक सुटतें, आणि त्यामुळें बुबुळामागील गोलकाची अवाजवी लांबी वाढण्यास आळा बसतो, अशी त्याची उपपत्ति दिली जाते. चाळीस मिनिटें म्हणजे फार नव्हे. त्यासाठीं मळाहि नको आणि मोटारहि नको. पुण्यांत पर्वती आहे, वेताळ टेकडी आहे, हनुमान टेकडी आहे. अन्य गांवीं नदीचा घाट असेल, देवराई असेल, शाळेचें मैदान असेल. ज्या करमणुकीस पैसा लागतो तीच खरी, ही समजूत मात्र घरांतून घालविली पाहिजे.

रांधणारांचें वनभोजन

या सर्व वर्णनांत वाचक-भगिनींना एक गोष्ट खटकली असेल. वनांत जाऊन जेवायचें खरें. पण रांधायचें कोणीं? आमच्या घरीं हा प्रश्न पत्नीनेंच एका वाक्यांत निकालांत काढला. ती म्हणाली, “तुमचें वनभोजन होतें, आमचें वनरांधण. घरच्या ओट्यावर निदान धूर तरी डोळ्यांत जात नाहीं.” धाकट्या वहिनींनीं मान डोलावली. आईला वाटेल तें वाटो, अशा भीतीनें सर्व जण तिच्याकडे पाहूं लागले. आई म्हणाली, “साठ वर्षें मी आंवळीखालीं गेलें, पण आंवळी डोळे भरून पाहिली नाहीं. पातेल्याकडेच पाहत होतें. पुरुषांनीं एकदां चूल फुंकून पाहावी.”

तेव्हांपासून त्या दिवशींचा स्वयंपाक पुरुषांकडे आहे. पदार्थ साधे ठेवावे लागले, आणि तें बरेंच झालें. निखाऱ्यांत भाजलेल्या वांग्यांचें भरीत, पिठलें, भात, मळ्यांतल्या घरून आलेल्या भाकऱ्या, आंवळ्याचें ताजें लोणचें आणि ताक. भांडीं राखेनें घांसून ओढ्यावर धुण्याचें काम नातवांकडे. पहिल्या वर्षीं भात खालीं लागला व पिठल्यांत गुठळ्या झाल्या. पण जेवतांना कोणीं नांव ठेवलें नाहीं. त्या वेळांत बायका काय करतात? आई खुर्चींत बसून झाडाकडे पाहते. पत्नी व वहिनी बांधावरून फिरून येतात. दोघी काय बोलतात तें आम्हांला ठाऊक नाहीं. परंतु घरांतल्या निम्म्या अडचणी आतां आमच्यापर्यंत येण्याआधींच सुटलेल्या असतात, एवढें दिसतें. कुटुंबांतील विश्रांति जर कोणा एकाच्या कष्टावर उभी असेल तर ती विश्रांति नव्हे. ती उसनवारी आहे, आणि ती केव्हां तरी फेडावी लागते.

चौथें ऋण

उसनवारीचा विषय निघालाच आहे, म्हणून ऋणाविषयीं दोन शब्द लिहितों. देवऋण, ऋषिऋण व पितृऋण या तीन ऋणांसह ब्राह्मण जन्मास येतो, हें तैत्तिरीय संहितेंतलें वचन आपल्या घरांत पाठ असतें. मुंजींत व प्रवचनांत तें कानांवर पडतें. शतपथ ब्राह्मणांत मात्र ऋणें चार सांगितलीं आहेत आणि तीं केवळ ब्राह्मणाचीं नव्हेत, जन्मास येणाऱ्या प्रत्येकाचीं म्हणून सांगितलीं आहेत. यज्ञानें देवांचें, अध्ययनानें ऋषींचें, संततीनें पितरांचें, आणि चौथें माणसांचें. हें चौथें कशानें फिटतें? माणसांना आसरा दिल्यानें व अन्न दिल्यानें, असें तेथें स्पष्ट आहे. पुरांत बुडालेल्या आमच्या घराला कोणीं दोन खोल्या दिल्या आणि कोणीं दोन पोतीं तांदूळ दिला. ज्यांनीं तें दिलें त्यांनीं शतपथ वाचलें नव्हतें; ज्यांनीं वाचलें होतें त्यांना तें त्या दिवशीं समजलें.

कृतज्ञता हा शब्द आपण मोठ्या समारंभांसाठीं राखून ठेवतों. घरांत आभार मानणें आपल्याला परकें वाटतें. ‘आपल्या माणसांचे आभार कसले?’ असें आपण म्हणतों. त्यांत आपुलकी आहे हें खरें, परंतु तिच्याआड पुष्कळदां विस्मरण लपलेलें असतें. आपल्या पूर्वजांनीं यावर उपाय योजला होता. जेवणाआधीं पानाबाहेर चित्राहुति घालायची, गाईला घांस व कावळ्याला बळी काढायचा, आणि तर्पणाच्या शेवटीं ज्यांचें या जगांत कोणीच नाहीं त्यांच्यासाठींहि ओंजळभर पाणी सोडायचें. पहिला घांस आपल्या तोंडांत जाण्यापूर्वीं दुसऱ्या कोणाची तरी आठवण व्हावी, हा त्यांतला मथितार्थ आहे.

आमच्या आईनें याला आंवळीखालीं एक साधी जोड दिली आहे. पानें वाढलीं कीं प्रत्येक मुलानें पानांतला एक पदार्थ निवडायचा आणि तो कोणाच्या कष्टानें येथवर आला तें सांगायचें. तांदूळ मावळांतल्या खाचरांतला; गुडघाभर चिखलांत वांकून रोपें लावणारांचा. ज्वारी सोलापुराकडची. गूळ कोल्हापुराकडचा, गुऱ्हाळाच्या काहिलीपाशीं धगींत उभें राहणारांचा. हळद सांगलीकडची. मीठ उरण-पेणच्या मिठागरांतलें. भर उन्हांत अनवाणी मीठ ओढणारांचें. एका वर्षीं धाकट्या पुतणीनें पदार्थ न निवडतां विचारलें, “आणि रविवार कोणाचा?” सर्व जण हंसले. पण तो प्रश्न हंसण्यावारीं नेण्यासारखा नव्हता. मुंबईच्या गिरणी-कामगारांना पूर्वीं आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं ती मागणी वर्षानुवर्षें लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजीं सुमारें दहा हजार कामगारांची सभा भरली, आणि त्याच वर्षींच्या १० जूनला गिरणी-मालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. शाळा-कचेऱ्यांना रविवार आधींपासून होता. पण ज्याच्या अंगावरचा घाम वाळायलाहि वेळ नव्हता त्याला तो या लढ्यानें मिळाला. सुटी ही आकाशांतून पडत नाहीं, ती कोणी तरी मिळविलेली असते, हें मुलांनीं त्या दिवशीं पिठल्याबरोबर ऐकलें.

मळेकऱ्याला द्यायचें काय, हा प्रश्न दर वर्षीं पडतो. पैसे त्या घरानें कधींच घेतले नाहींत. म्हणून दिवाळीचा फराळ आम्ही नेतों. त्यांच्या मुलीच्या शिक्षणासाठीं ती दोन वर्षें आमच्याकडे राहिली, तेव्हां धाकट्या भावाच्या चुलीवर तिचा डबा व आमच्या चुलीवर तिचें रात्रींचें जेवण होत असे. ऋण फेडलें असें यांतून कोणाला वाटूं नये. कांहीं ऋणें फेडण्यासाठीं नसतातच. तीं चालूं ठेवण्यासाठीं असतात. देणें-घेणें पुरें झालें कीं दोन घरांमधली वाट गवतांत बुजते.

कर्त्या पुरुषांना विनंति

ज्या घरांत आजहि एकच चूल आहे त्यांनीं ती आनंदानें राखावी. ज्यांच्या घरांत दोन किंवा चार झाल्या आहेत त्यांनीं खंत करीत बसूं नये, व एकमेकांस दोषहि देऊं नये. नोकरीच्या वेळा, मुलांचें शिक्षण, जागेची अडचण, हीं कारणें खरीं आहेत. मुलगा पुण्यांत, मुलगी नागपुरांत, पुतण्या परदेशांत, अशीहि घरें आहेत. त्यांनीं वर्षांतला एक दिवस तिथीनिशीं ठरवावा आणि तो लग्नकार्यासारखा पाळावा. त्या दिवशीं शक्य तितकें पायीं चालावें. घरांतल्या सर्वांत वृद्ध माणसाला मागें ठेवूं नये. ज्याला चालवत नाहीं त्याला उचलून न्यावें, आणि ज्यांचें आपसांत जुळत नाहीं त्यांच्या खांद्यावर तो भार द्यावा. रांधण्याचें काम रोज रांधणारांवर टाकूं नये. जेवण्याआधीं त्या अन्नामागचीं माणसें आठवावीं, आणि तीं जवळ असतील तर त्यांना शेजारीं बसवावें. आंवळी नसेल तर आंबा चालेल, वड चालेल. झाडाला त्याचा राग येत नाहीं.

आमच्या मळ्यांतली जुनी आंवळी मागेंच वठली. तिच्या शेजारीं मळेकऱ्यानें नवें रोप लावलें आहे, आणि त्याला गेल्या कार्तिकांत पहिलीं फळें धरलीं. सांवली अजून तुटपुंजी आहे. सर्वांना पुरत नाहीं, म्हणून आम्हांला एकमेकांना खेटून बसावें लागतें.